वाघ आणि माकड

सँडीफोर्डच्या चिनी दुकानातल्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांनी मात्र पहिल्याच दिवशी माझं जन्मवर्ष विचारलं. काउंटरवरच्या प्लास्टिकच्या पडद्याआडून, घसरणारा मास्क वर ओढत, त्या गिऱ्हाइकांच्या जोड्या जुळवत.

भारतातून आलेली आई लॉकडाऊनमुळे माझ्याकडेच अडकली होती आणि तीही माझ्यासाठी स्थळं बघत होती. आईकडे नागपूरचा इंजिनियर होता, बाईंकडे चिनी राशींप्रमाणे उंदराच्या वर्षात जन्मलेला एक अकाउंटंट. दोघी एकमेकींची स्थळं हाणून पाडत आणि मधे दुभाषी मी.

शेवटी एकदा दुकानातच दोघींना मला आवडलेल्या मुलाचं सांगितलं. आई म्हणाली, "पत्रिकेत एकनाड येतेय." बाई म्हणाल्या, "तो वाघ, तू माकड. जन्मभर भांडाल." पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं.

मागे बाईंचा नवरा तांदळाची पोती रचत होता. मी विचारलं, "यांचं वर्ष कोणतं?"

"माकड. मी वाघ."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"सगळ्यांनी सांगितलं," पावती फाडत त्या म्हणाल्या. "म्हणून तर इतक्या लांब येऊन दुकान टाकलं."

"काय म्हणाली गं?" आईने विचारलं.

ते मी तिला लग्न झाल्यावर सांगितलं.