मालकालाच चोर समजणारी गाडी

तीस वर्षं मी म्हैसूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. त्यामुळे गाडी बिघडली की आधी मी व्याख्यान देतो आणि मग मेकॅनिकला फोन करतो.

गेल्या वर्षी सोसले गावी भाच्याची मुंज होती. बायको चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली. मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, दोन सेकंद घुरघुरलं आणि बंद पडलं. समोर चावीचं लाल चित्र लुकलुकायला लागलं. चार वेळा तसंच झालं.

मी तिला समजावून सांगितलं. चावीच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते चिपची ओळख विचारतं. ओळख पटली नाही तर गाडी इंजिन चालू देत नाही, म्हणजे चोराला ती पळवता येत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे गाडीला तुम्ही चोर वाटताय."

आम्ही बसनं गेलो. पोचलो तेव्हा मुंज लागून पंगत बसली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढवून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या टायवाल्या साहेबानं माझ्या जुडग्यातून गाडीची चावी काढून घेतली, तिला नंबराचं लेबल लावलं आणि बाकीचं जुडगं मला परत दिलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दोन दिवस लॅपटॉप लावून त्यांनी तपासलं, दोष सापडला नाही. तरीही गाडीचा कॉम्प्युटर बदललेला बरा, असं त्यांचं मत पडलं. मी नको म्हणालो, गाडी घेऊन घरी आलो आणि चावी जुडग्यात अडकवली. सकाळी पुन्हा लाल चित्र.

असं तीनदा झालं. सरस्वतीपुरममधल्या आमच्या गल्लीत पेन्शनरांची कमतरता नाही. कुणी बॅटरी म्हणालं, कुणी ओल, कुणी पेट्रोलातली भेसळ. मी स्वतः वेटोळ्यावर ठाम होतो आणि ते दोनदा स्पिरिटनं पुसलंही होतं. तिसऱ्या खेपेला सर्व्हिस सेंटरच्या साहेबानं अदबीनं विचारलं, की सर चावी पूर्ण फिरवतात ना.

शेवटी बायकोनं मला न विचारता हिनकलच्या एका वयस्क इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो आला, मी चुंबकीय क्षेत्रापासून सुरुवात केली. "ओंदु निमिष, सार," म्हणत त्यानं मला एक मिनिट थांबवलं आणि माझं जुडगं हातात घेतलं.

"ही दुसऱ्या गाडीची चावी कुणाची?"

शेजारच्या बाई मुलीकडे अमेरिकेला गेल्या होत्या. दर रविवारी त्यांची गाडी थोडा वेळ चालू करून ठेवायची जबाबदारी माझ्यावर होती. चावी हरवू नये म्हणून मी ती माझ्याच जुडग्यात घातली होती.

त्यानं ती काढून बाजूला ठेवली. माझी गाडी सुरू झाली. पुन्हा अडकवली, बंद पडली. पाच वेळा त्यानं हेच केलं, घाई न करता. मग कन्नडमध्ये सांगितलं, की दोन्ही चाव्या एकदम बोलतात, गाडीला कुणाचंच नीट ऐकू येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, हे मी तीस वर्षं प्रयोगशाळेत पोरांना सांगत आलो होतो. मला फार शरम वाटली, तरी मी मान अशी हलवली जणू माझाही संशय तोच होता.

तो गेल्यावर मला रविवार आठवले. बाईंची गाडीही अधूनमधून अशीच बंद पडायची, आणि मी त्यांना तिकडे कळवलं होतं की तुमची बॅटरी संपली, गाडी आता भरवशाची राहिली नाही. संध्याकाळी खुलाशाचा लांब मेसेज लिहिला. वेटोळं, चिप, सगळं त्यात आलं.

त्यांचं उत्तर लगेच आलं. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी कालच गाडी विकायला काढली होती.