कव्हरवर नसलेला बेसवाला

व्हेस्टिन घराण्यातल्या पुरुषांचे केस बाविसाव्या वर्षी जातात. इंगेमारच्या आजोबांचे गेले, वडिलांचे गेले, आणि त्यावाचून दोघांचंही काही अडलं नाही, कारण दोघंही गावातली धुराडी साफ करायचे आणि दिवसभर डोक्यावर टोपी असायची. इंगेमारनेही तोच धंदा धरला. पण त्याच्या नशिबाने तो संध्याकाळी एका ग्लॅम मेटल बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्या संगीतात सूर जरा इकडेतिकडे झाला तर कोणी मनावर घेत नाही. केस मात्र पाठीवर रुळणारेच लागतात.

बँडचं नाव स्कार्लेट लिंक्स. १९८५ साली क्रामफोर्स गावातल्या पाच पोरांनी तो सुरू केला. गायक रॉनी ब्लूम, दोन गिटारवाले, एक ड्रमर आणि बेसवर इंगेमार. घट्ट विजारी बायकांच्या दुकानातून आणायच्या, केसांचा फवारा आयांच्या कपाटातून. डोळ्यांत काजळ घालायला बाकीच्या चौघांना आरशासमोर अर्धा तास लागायचा. इंगेमारच्या पापण्यांत धुराड्याची काजळी कायमचीच बसलेली होती, त्यामुळे तो तेवढा वेळ गिटारी जुळवत बसायचा. तेव्हा त्याच्या डोक्यावर केसही होते, मोजकेच, पण होते.

१९८७ साली त्यांची पहिली रेकॉर्ड झाली. इंगेमारने नऊच्या नऊ गाण्यांचा बेस दोन दिवसांत वाजवून दिला आणि सोमवारी सकाळी परत कोणाच्या तरी छपरावर चढला. त्याच आठवड्यात कव्हरचा फोटो काढायचा होता. कंपनीचा माणूस इंगेमारच्या कपाळाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने त्याला केसांचा टोप घालायला लावला, तो काढायला लावला, पुन्हा घालायला लावला.

"जाहिरात कसली करायचीय आपल्याला," त्याने शेवटी विचारलं, "बँडची की टोपाची?"

तोडगा रॉनीने काढला. शेजारच्या हर्नोसांडला चपलांच्या दुकानात योर्गेन सालीन नावाचा एक विक्रेता होता. त्याचे केस पिकल्या जवाच्या रंगाचे आणि कमरेपर्यंत. त्याला आणलं, कपडे चढवले आणि हातात बेस दिला. तो कुठल्या बाजूने धरायचा हेसुद्धा सांगावं लागलं.

"एका फोटोपुरतं रे, इंगो," रॉनी म्हणाला. "वाजवणार तूच."

फोटो झकास आला, तिथेच घोटाळा झाला. रेकॉर्डमधलं एक गाणं देशाच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेलं आणि टीव्हीवरून बोलावणं आलं. टीव्हीवर वाजलेलीच रेकॉर्ड पुन्हा वाजवायची आणि वर सगळ्यांनी हातवारे करायचे, अशी पद्धत. त्यामुळे तिथेही योर्गेनच गेला. इंगेमारच्या आईने त्या संध्याकाळी अर्ध्या आळीला कॉफीला बोलावलं होतं. दालचिनीचे पाव खात शेजारणींनी विचारलं, "ह्यातला तुमचा कुठला गं?" ती माउली म्हणाली, "माझा ऐकू येतोय तो." शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. हे इंगेमारला पुढे कळलं तेव्हा त्याला फार लागलं.

प्रत्यक्ष कार्यक्रमांत मात्र त्याच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. टोप घालून, स्टेजच्या जरा मागच्या अंगाला उभा राहून तो वाजवायचा. दुरून लोकांना वाटायचं, तोच तो कव्हरवरचा देखणा.

मग जर्मनीचं बोलावणं आलं. तीन आठवड्यांचा दौरा, मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास. सुरुवात सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. आमच्याकडे त्या सोमवारी मूसची, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराची, शिकार सुरू होते. दोघे गिटारवाले आणि ड्रमर तिघेही आपापल्या शिकारी टोळीत होते, आणि टोळीतली जागा एकदा सुटली की ती दुसऱ्याच्या जावयाला जाते.

"जर्मनी काय, कुठे पळून जातेय?" ड्रमर म्हणाला. "पुढच्या वर्षी जाऊ."

"आणि मूस पळून जातात का?" रॉनी ओरडला.

"हो," ड्रमर शांतपणे म्हणाला. "मूस पळून जातात."

पुढच्या वर्षी जर्मनीने विचारलं नाही. रॉनी चिडून स्टॉकहोमला निघून गेला, आणि तिथून स्कार्लेट लिंक्सची खरी कहाणी सुरू झाली म्हणायला हरकत नाही, म्हणजे माणसं येण्याजाण्याची. दुसरा गायक वर्षभराने नाचगाण्याच्या बँडमध्ये गेला, कारण त्यांना दर शनिवारी काम असायचं. तिसऱ्याला देव भेटला. पहिल्या गिटारवाल्याने पैजेपायी धावत्या गाडीत आंबवलेल्या माशांचा डबा फोडला, तेव्हा त्या भयंकर वासाने ड्रमर गेव्हलेच्या पेट्रोल पंपावर उतरला तो परत चढलाच नाही. १९९२ पर्यंत फॅशनही बदलली. गायक लोक चौकड्यांचे लोकरी शर्ट घालून स्टेजवर रडायला लागले. क्रामफोर्समध्ये असले शर्ट बहुतेकांचे बाप लाकूड कापायच्या कारखान्यात घालायचे. त्या शर्टांपासून पळण्यासाठीच तर ह्या पोरांनी बायकांच्या विजारी घातल्या होत्या.

इंगेमार मात्र राहिला. मनात निष्ठाबिष्ठा काही नव्हती. त्याला मंगळवारी संध्याकाळी वाजवायला आवडायचं, एवढंच. सरावाची खोली प्रौढशिक्षण संस्थेकडून फुकट मिळायची ती अभ्यासवर्ग म्हणून. 'रॉक संगीत, पुढील पायरी' असं वर्गाचं नाव, इंगेमार वर्गप्रमुख, आणि नियम एकच, दर वेळी किमान तिघं हजर हवेत. सत्त्याण्णव साली दोघंच उरले. तेव्हा त्याची बायको मारिता, जी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण करायची, कॉफीचा थर्मास घेऊन आली आणि रिकाम्या ड्रमसमोर बसली.

"हजेरीची खोटी सही मी करणार नाही," ती म्हणाली. "काय बडवायचं ते दाखव."

ती सातवी ड्रमर. आणि सगळ्यांत बरी, असं गावात बोललं जातं. त्याच वर्षी बँडचं नाव कायद्याने नोंदवून घ्यायची वेळ आली आणि ते इंगेमारच्या नावावर झालं, कारण अर्जावर सही करायला दुसरं कोणी नव्हतंच. वर्षातून चारपाच कार्यक्रम व्हायचे, कधी गावच्या जत्रेत, कधी कोणाच्या पन्नाशीला. टोप त्याने केव्हाच फेकून दिला होता. मोठ्या स्टेजवर, आपल्या स्वतःच्या डोक्यानिशी, पुढे उभं राहून एकदा वाजवावं एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने फक्त मारिताला सांगितली होती.

दोन हजार तेवीसच्या जानेवारीत रॉनीचा फोन आला.

"इंगो! ओळखलंस का?"

"आवाज तोच आहे. जरा खाली उतरलाय."

रॉनी हसला आणि सांगायला लागला. ऑगस्टमध्ये दक्षिणेत मोठा महोत्सव आहे, जुन्या बँडांचा. पंधरा हजार माणूस. त्यांना स्कार्लेट लिंक्स हवाय, असली पाच जणांचा. सगळे तयार आहेत. नाव इंगेमारचं, तेवढी त्याची परवानगी लागेल.

इंगेमार खुर्चीतून उठून उभा राहिला. "असली पाच म्हणजे कोण कोण?"

रॉनी जरा घुटमळला. "कव्हरवरचे रे. लोकांना तेच चेहरे माहीत आहेत. मला काय, मी नाही ठरवलं."

"आणि बेस कोण वाजवणार?"

"तूच की बाबा! पडद्यामागे. तुला खुर्चीसुद्धा देणार आहेत."

मारिताने हे ऐकलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. "खुर्ची देतायत म्हणे! उशी आणि पायाखाली गालिचापण मागून घे," ती म्हणाली. "अरे, नाव तुझं आहे. नाही म्हण आणि मोकळा हो."

इंगेमारने दोन दिवस विचार केला आणि उलटा निरोप धाडला. मी वाजवीन तर पुढे, ह्या टकलासकट. ते चालत नसेल तर योर्गेनने स्वतः वाजवावं. पडद्यामागे कोणी बसणार नाही. महोत्सववाल्यांना योर्गेनचा चेहरा सोडवेना. रॉनीने कळवलं, योर्गेन वाजवेल, तेवढं तू त्याला शिकव. इंगेमारने लगेच होकार दिला. त्याचं गणित सरळ होतं. ज्या माणसाला बेस कुठल्या बाजूने धरायचा ते ठाऊक नाही तो सात महिन्यांत नऊ गाणी काय वाजवणार? महिन्याभरात हात टेकेल, आणि मग रॉनी नाक मुठीत धरून येईल. इंगेमारने ऑगस्टमधली सुट्टी टाकली आणि नवी काळी विजारसुद्धा घेऊन ठेवली.

योर्गेन सरावाच्या खोलीवर आला तो बर्फातून, फिरत्या ग्रंथालयाची बस घेऊन. आता तो ती बस चालवायचा. केस अजून होते, पांढरेशुभ्र, खांद्यापर्यंत. त्याने आत येऊन बूट काढले आणि दारातच उभा राहिला.

"तुला माझा राग आला असेल," तो म्हणाला.

इंगेमारने आत श्वास ओढल्यासारखा आवाज केला. आमच्याकडे ह्याचा अर्थ हो.

"मला कुठेही गेलं की लोक म्हणतात, वाजव," योर्गेन म्हणाला. "लग्नात, वाढदिवसाला. मी म्हणतो, हात दुखतोय. छत्तीस वर्षं माझा हात दुखतोय, इंगेमार. बायको दोनदा डॉक्टरकडे घेऊन गेली. मुलीने शाळेत निबंध लिहिला होता माझ्यावर."

"मग आता काय पाहिजे तुला?"

"एकदा खरं वाजवायचंय."

मागे मारिता ड्रमवर बसली होती. तिने ताल धरला.

पहिले दोन महिने इंगेमारचं गणित बरोबर चाललं होतं. योर्गेनची बोटं पुस्तकं उचलणारी, तारेवर ती निसटायची. मार्चमध्ये ते त्या गाजलेल्या गाण्यावर आले. त्याच्या मधल्या भागात डावा हात एकदम वर उडी मारतो आणि तिथे सगळे अडखळतात. त्याची एक सोपी वाट इंगेमारला माहीत होती. ती त्याने सांगितली नाही, अवघडच दाखवली. पुढच्या मंगळवारी योर्गेन आला तेव्हा त्याच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या आणि तो तीच अवघड वाट, चुकत चुकत, न थांबता वाजवत राहिला. इंगेमारला ते ऐकवेना. आपलं गाणं असं कुथत चाललेलं त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

"हात असा घे," तो शेवटी चिडून म्हणाला. "अंगठा खाली. मीच चुकीचं सांगितलं होतं."

त्यानंतर त्याला वाईट शिकवणं जमलंच नाही. मंगळवारचे मंगळवार आणि गुरुवार झाले. मे महिन्यात एका संध्याकाळी गाणं संपल्यावर मारिताने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि नवऱ्याकडे बघितलं.

"इंगेमार," ती हळूच म्हणाली, "हा वाजवतोय."

"ऐकलं मी," तो म्हणाला. घरी जाऊन त्याने नवी विजार दुकानाच्या पिशवीत परत घालून ठेवली.

महोत्सवाला दोघं गेले. रॉनीने स्टेजमागे बसायचे पास पाठवले होते, पण इंगेमार गर्दीत, आवाज जुळवणाऱ्यांच्या तंबूपाशी जाऊन उभा राहिला, कारण तिथे सगळ्यांत नीट ऐकू येतं. मग त्याच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आपला बँड आपण समोरून कधीच ऐकलेला नाही. रॉनी जाड झाला होता आणि वरचे सूर लोकांवर सोपवत होता. गिटारवाल्यांचे गुडघे वाकत नव्हते. योर्गेन मधोमध उभा होता, पांढरे केस वाऱ्यावर, आणि लोक त्याच्याकडेच बघत होते.

पाचवं गाणं ते गाजलेलं होतं. मधला भाग जवळ यायला लागला तसा इंगेमारचा डावा हात जाकिटाच्या खिशात आपोआप हलायला लागला. चूक रे, तो मनात म्हणत होता, एकदा तरी चूक. त्याला हे मनापासून हवं होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती. योर्गेनने अंगठा खाली घेतला, हात वर गेला आणि अलगद जागेवर बसला. पंधरा हजार माणसं ओरडली. इंगेमार पुढचे सूर पुटपुटायला लागला.

शेजारी बँडचा टी-शर्ट घातलेली एक बाई होती. तिला त्याचे पुटपुटणारे ओठ दिसले.

"तुम्हाला तर सगळं पाठ दिसतंय!" ती म्हणाली. "जुने फॅन का?"

"फॅन कसला, बाई?" मारिता मधेच बोलली. "बँड हा आहे. ते वर नाचतायत ते पाहुणे."

बाई खदाखदा हसली. तिने इंगेमारच्या खांद्यावर एक थाप मारली आणि स्टेजकडे वळून बाकीच्यांबरोबर "योर्गेन! योर्गेन!" ओरडायला लागली.

मारिताचे डोळे भरून आले. तिने त्याचा दंड धरला. "चल, जाऊ या आपण. बास झालं."

"थांब," इंगेमार म्हणाला. "शेवटचा भाग येतोय. तिथे तो जरा घाई करतो. जूनपासून सांगतोय त्याला."

शेवटचा भाग आला. योर्गेनने घाई केली नाही. इंगेमारने खिशातून हात बाहेर काढले आणि टाळ्या वाजवायला लागला.