विल्काची जागा

मायवा हसतमुख बाई होती, असं आमच्या खोऱ्यात सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं! तिने वाक्रावर डूख धरला होता, आणि मक्याची दारू आंबवायला ठेवतात तसा तो झाकून, ऊब देऊन वर्षानुवर्षं सांभाळला होता. बाकी तिच्या आयुष्यात लोकांना बसून सांगावं असं फार काही नव्हतं. लवकर रांडावली, मूलबाळ राहिलं नाही, दारू मात्र अशी करायची की लांबच्या गावची माणसंही तिच्या घरावरून जाताना चाल मंद करत.

तिचा बाप विल्का. बर्फाच्या डोंगराखालून आमच्या शेतांना पाणी आणणारा पाट त्याने खोदला, म्हणून मेल्यावरही त्याचा मान मोठा. पेरणीआधी पाट साफ करायचा दिवस आला की आम्ही वाडवडिलांची सुकवून जपलेली शरीरं गुहेतून बाहेर काढतो, नवी वस्त्रं गुंडाळतो, आणि चौकात ओळीने बसवतो. त्या ओळीत पहिली जागा विल्काची. ज्याचा म्हातारा पहिला, त्याच्या शेताला पाणी पहिलं. त्या काळात मायवाच्या शेतातली कणसं मनगटाएवढी जाड असत.

मग वाक्रा गावचा प्रमुख झाला. त्याच्या आजोबांची जागा दुसरी, आणि हे दुसरेपण त्याला लहानपणापासून टोचत होतं. एका वर्षी गारांनी उभं पीक झोडपून काढलं. लोक उपाशी होते, घाबरलेले होते, आणि अशा वेळी वाक्राची जीभ फार गोड चाले. तो म्हणाला, "गारा या म्हाताऱ्याने पाडल्या. विल्का आपल्यावर उलटलाय. हा ओळीत बसलाय तोवर आपलं काही खरं नाही."

चौकाच्या कडेला लाकडं रचली आणि विल्काला जाळलं. ज्याने पाणी आणलं त्याला! ओरडून ओरडून मायवाचा आवाज घोगरा झाला. आम्ही सगळे तिथे होतो आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही, याची आजही चीड येते. आग विझल्यावर ती गुडघ्यांवर बसून राख शालीत भरायला लागली. वाक्रा वरून बघत होता.

"भर बाई, भर," तो म्हणाला. "खत होईल शेताला."

मायवाने मान वर केली नाही. राख एका मडक्यात भरली, तोंडाला कापड बांधलं आणि घरी नेली. तिच्याकडे आता ओळीत बसवायला कुणी नव्हतं, म्हणून तिच्या शेताची पाळी सगळ्यांत शेवटी गेली. तिथवर पोचेपर्यंत पाटात नुसता ओलावा उरायचा. मका गुडघाभर वाढून करपायचा. ती कडू बटाटे उकडून खायची आणि भेटेल त्याला हसून वाट द्यायची.

एवढं झाल्यावर ही बाई कुठे जावी? वाक्राच्या दारात! म्हणाली, "दादा, तुमच्याकडे दारू करायला राहू का?"

वाक्राला हसू आवरेना. पण प्रमुखाची प्रमुखी आमच्याकडे दारूवरच उभी असते. घागरी भरलेल्या असतील तर लोक कुदळ हातात धरतात, नाहीतर दाढ दुखते, पाय मुरगळतो, बायको आजारी पडते. तिच्यासारखा हात दुसरीला नव्हता. त्याने तिला ठेवून घेतली.

गावातल्या बायकांनी तिला बोलून बोलून सोललं. मेलेल्यांची राखण करणारी म्हातारी चुकी तर तोंडावरच म्हणाली, "ज्याने बाप जाळला त्याचा मका चावतेस? लाज कुठे ठेवलीस गं?"

"पोट आहे ना, आज्जी," मायवा म्हणाली आणि मोड आलेला मका वाळत घालायला लागली.

चुकी थुंकली आणि निघून गेली. पण ही चुकी मोठी कडक. वाक्राने आपल्या आजोबांना पहिल्या जागेवर सरकवायला सांगितलं, तेव्हा तिने काठी आडवी धरली होती. मेलेल्यांच्या जागा सरकत नाहीत, म्हणाली. म्हणून दरवर्षी ओळ बसायची ती पहिली जागा रिकामी ठेवून. मायवा लांबून त्या जागेकडे बघायची. तिला बाप तिथे परत हवा होता, आणि त्याच्यामागून पाणी. आणि वाक्राचं हसू पुसलेलं हवं होतं, हे मी सभ्यपणासाठी लपवणार नाही.

सुरुवातीला वाक्रा तिच्या हातचं दुसऱ्याला आधी प्यायला देई, मग स्वतः पिई. मग विसरायला लागला. शेवटी एके वर्षी ती बघत होती तर त्याने गप्पा मारता मारता, तिच्याकडे न बघताच तिच्या हातातून पेला घेतला आणि घटाघट प्यायला. त्या वर्षी मायवाने पाटाच्या सणासाठी काळ्या मक्याची दारू लावली, चांगली दाट आणि गडद.

सणाच्या सकाळी म्हातारे ओळीने बसले. पुरुष कुदळी घेऊन उभे राहिले. वाक्रा पिसांची टोपी घालून मिरवत होता. तेवढ्यात मायवा दोन पेले घेऊन चौकाच्या मधोमध आली. आमच्याकडे मेलेलं माणूस कुणाला पाजतं तेव्हा त्याच्या घरचं माणूस असे दोन पेले आणतं. एक मेलेल्यासमोर जमिनीवर ओततात, दुसरा बोलावलेल्याने एका दमात संपवायचा. त्याला नाही म्हणता येत नाही.

"वाक्रादादा," ती म्हणाली, "माझ्या बापाने तुम्हाला बोलावलंय."

वाक्राने इकडेतिकडे बघितलं आणि तो हसला. "कुठाय तुझा बाप? मी वाऱ्याबरोबर पिऊ काय?"

दोघंतिघं फिदीफिदी हसले.

"तुम्ही प्या तर खरं, मग दाखवते. का नाही म्हणताय?"

कुदळी खाली टेकल्या. मेलेल्याला नाही म्हणणाऱ्या प्रमुखासाठी कुणी पाटात उतरलं नसतं, हे वाक्राला कळत होतं. शिवाय त्याला वाटलं, राख झालेल्या म्हाताऱ्याला मान दिला तर आपलंच नाव मोठं होईल.

"मी कशाला नाही म्हणू? विल्काचं नि माझं वैर थोडंच आहे! आण इकडे."

त्याने पेला एका दमात संपवला. मायवाने दुसरा पेला रिकाम्या जागेसमोर सावकाश ओतला. वाक्राने ओठ पुसले, जीभ दातांवरून फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"तळाला गाळ राहिलाय गं. आज तुझा हात चुकला."

"गाळ नाही, दादा. बाप आहे माझा."

तिने शालीखालून ते राखेचं मडकं काढलं आणि सगळ्यांसमोर उपडं धरलं. त्यातून काहीही पडलं नाही. ते मडकं अख्ख्या गावाने ओळखलं.

वाक्राची पाचावर धारण बसली. त्याने घशात बोट घातलं, तशी चुकी काठी उगारत धावली. "खबरदार! आमच्या वडिलांना चौकात ओकून टाकतोस?"

त्याने बोट बाहेर काढलं.

चुकी लोकांकडे वळली. "विल्का परत आलाय. बघत काय बसलात मेल्यांनो? त्याला त्याच्या जागेवर बसवा."

चार गड्यांनी वाक्राला उचललं. ओळीतल्या म्हाताऱ्यांसारखे गुडघे छातीशी, हात गुडघ्यांभोवती, आणि वरून विल्काची नवी वस्त्रं. मायवाने ती स्वतः विणून तयार ठेवली होती.

"अरे मी जिवंत आहे रे!" वाक्रा किंचाळला.

"तुम्ही असाल, दादा," गाठ मारणारा गडी म्हणाला. "विल्का नाही ना."

मग लोक रिवाजाप्रमाणे पहिल्या जागेसमोर येऊन बसले. चुकीने विचारलं, "विल्काबाबा, यंदा पाणी पहिलं कुणाला?"

वाक्राने तोंड उघडलं. पण मेलेली माणसं बोलत नाहीत, त्यांच्यासाठी त्यांचं रक्त बोलतं. मायवाने त्याच्या उघड्या तोंडात चघळायची कोकाची पानं कोंबली आणि शेजारी ताठ बसली.

"विल्का म्हणतो, पाणी पहिलं माझ्या लेकीच्या शेताला," ती म्हणाली. "आणि वाक्राच्या शेताला सगळ्यांच्या शेवटी."

"दिलं," लोक म्हणाले आणि कुदळी उचलून पाटाकडे निघाले.

चौक रिकामा होत गेला. मायवा वाक्राच्या कानाशी वाकली. तिचं ते प्रसिद्ध हसू आता चेहऱ्यावर नव्हतं.

"दर सणाला तुला इथेच बसवतील," ती म्हणाली. "आणि मेलास की सुटशील असं वाटतंय ना? तेव्हाही इथेच, याच वस्त्रात. तुझी नातवंडं तुला पेला देतील, आणि हाक मारतील ती माझ्या बापाच्या नावाने. वाक्रा म्हणून कुणी होता, हे कुणाला आठवणारही नाही."

वाक्राच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मायवाने शालीच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं, कारण काही लोक अजून मागे वळून बघत होते आणि मेलेली माणसं रडत नाहीत.