गटाराकडची जागा

मुखेडच्या आठवडी बाजारात तिची जागा पिंपळाखाली होती, सासूपासूनची. घरात येशूची प्रार्थनासभा भरवते म्हणून गावातल्या एका टोळक्याने तिला मारलं. पुढच्या बाजारी तिथून उठवून गटाराच्या कडेला बसवलं. दर आठवड्याला मी तिच्याकडूनच वांगी घ्यायचो, पण नाव कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी तिच्या कपाळावर ताजे टाके होते. तरी तिने नेहमीसारखं एकेक वांगं उलटून किडकं बाजूला काढलं, वर मूठभर कोथिंबीर टाकली. माझंच डोकं फिरलं. "मावशी, पोलिसात का नाही जात? हरामखोर आहेत सगळे!"

पदराने तराजू पुसत ती म्हणाली, "माझ्या येशूला तर गावाबाहेर नेऊन मारलं, सर. मला त्याच्या वाटंनं चार पावलं चालाया भेटली. लई मोठा मान हाय ह्यो."

मान! तो शब्द माझ्या डोक्यातच गेला. अजून जातो. कारण तिचं पोतं गटाराकडे फेकलं तेव्हा मी पिशवी धरून समोरच उभा होतो. टोळक्यातला एक माझा जुना विद्यार्थी निघाला. "नमस्कार सर," म्हणाला, आणि मी हसून हात जोडले.