पंधरा मार्कांची सुरमई

कल्पिताला पंधरापैकी दोन मार्क मिळाले ते एका सुरमईमुळे. खारदांड्याच्या कोळीवाड्यात हे कोणालाही सांगितलं तर तो पोट धरून हसेल. कल्पिताला हसू आलं नाही. त्या पेपरात ती दोनच मार्कांनी नापास झाली होती, आणि तेही दुसऱ्यांदा.

खार मार्केटात बसणाऱ्या मंजुळा मासळीवालीची ही मुलगी सांताक्रूझच्या एका कॉलेजात बातम्या, सिनेमा, जाहिराती असल्या गोष्टींचा अभ्यास करायची. घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच, त्यामुळे पदवीच्या दारात अडकून बसायचा मानही तिलाच मिळाला. बाकीचे विषय सुटले होते. हा एकच राहिला होता, आणि येत्या महिन्यात होती ती जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा. यावेळी सुटला नाही तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सगळं नव्यानं करायचं. अंधेरीच्या एका जाहिरात कंपनीनं ‘निकाल घेऊन ये, लगेच कामावर घेतो’ म्हणून सांगितलं होतं. त्यावरही मग पाणीच सोडायचं.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स हातात पडली तशी ती सुहासिनी मॅडमकडे गेली. मॅडम हा विषय शिकवायच्या आणि मुलांवर चिडायच्या नाहीत, ही त्यांची ख्याती. त्यांनी सगळी पानं सावकाश वाचली.

प्रश्नात एक जाहिरात छापली होती. घरपोच मासळी पोचवणाऱ्या कुठल्याशा कंपनीची. डोक्यावर पाटी घेतलेली, नाकात नथ, अंगभर दागिने घातलेली हसरी कोळीण, आणि पाटीत एक भलीमोठी सुरमई. जाहिरातीतल्या चिन्हांचा अर्थ सांगा, एवढंच विचारलं होतं.

कल्पितानं तीन पानं लिहिली होती. पाटीखाली कापडाची चुंबळ नाही, म्हणजे ही बाई पाटी घेऊन चार पावलंही चाललेली नाही. हाताला काटा लागल्याची एक खूण नाही. सुरमईचा डोळा आत गेलाय, बुबुळ पांढरं पडलंय, म्हणजे मासा तीन दिवसांचा आहे. ही जाहिरात शिळा मासा ताजा म्हणून विकते. लिहिताना तिला वाटलं होतं, आपल्याइतकं या चित्रात कोणाला दिसणारच नाही. शेजारी लाल शाईत शेरा होता: ‘वैयक्तिक माहिती. विश्लेषण नाही. विषय सोडून.’

“तू माशाकडे बघत बसलीस गं,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना मासा नकोय. चिन्ह हवंय.”

“पण मॅडम, तो खरंच शिळा आहे.”

“असेल ना. चुकलीस असं मी म्हणतच नाहीये. पण मार्क त्याला नाहीत.” मॅडमनी कपाटातून नमुना उत्तराचा कागद काढून दिला. “हे पाठ कर. या पेपरात हा प्रश्न याच चित्रासकट सहसा येतोच. तुझं डोकं तीन तास बाजूला ठेव आणि सुटून जा.”

त्यांनी हे मायेनंच सांगितलं, म्हणून कल्पिताला जास्त लागलं. रागावल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

घरी येऊन तिनं वेळापत्रक केलं. कॅलेंडरच्या पानामागे रेघा मारल्या. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार आईबरोबर मार्केटात उभं राहायचं, तेव्हा अभ्यास सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी, गिऱ्हाईकं मासळी खात नाहीत त्या दिवशी. असे आठच दिवस हाती होते. त्यातले तीन तिनं या एका प्रश्नाला दिले. ते पान कपाटाच्या दाराला चिकटवलं आणि त्याच्याकडे बघत बसून राहिली. आपल्याला येत नव्हतं म्हणून नापास झालो असतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. न येणारं शिकता येतं. येणारं विसरायचं कसं, हे कुठल्या वारी बसवायचं?

गुरुवारी दुपारी ती पाठ करायला बसली. ‘कोळीण हे परंपरा, कष्ट आणि भाबडेपणा यांचे चिन्ह आहे. पाटीतील मासा हे ताजेपणाचे चिन्ह आहे.’ लिहायचं, झाकायचं, पुन्हा लिहायचं. चौथ्यांदाही तिचा हात ‘भाबडेपणा’पाशी अडला. तिची आई भल्याभल्या गिऱ्हाइकांना भावात नमवणारी बाई. तिच्यात भाबडेपणा कुठून शोधायचा?

मंजुळा मासळी कापायचा कोयता घासून आत आली. तिला वाचता येत नव्हतं, पण शेजारी पडलेल्या प्रश्नपत्रिकेतलं चित्र दिसलं. ओल्या हातानं तिनं ती उचलली, उजेडात धरली.

“ही मासली तीन दिसांची हाय गो,” ती म्हणाली. तिला एक क्षणही लागला नाही.

हेच तर कल्पितानं लिहिलं होतं.

“ताजी हाय, आये.”

“डोला बघ तिचा.”

“बघितला. ताजीच हाय. तसंच लिवायचं हाय.”

मंजुळानं पोरीकडे पाहिलं. उभ्या जन्मात तिनं शिळ्या माशाला ताजा म्हटलं नव्हतं. म्हणणाऱ्या बाईशेजारी ती बसायचीसुद्धा नाही, हे अख्ख्या मार्केटाला ठाऊक होतं. तिनं कागद होता तसा खाली ठेवला, त्यावर पडलेलं पाणी पदरानं टिपलं.

“तसं लिवल्यावर पास करतात?”

“हो.”

“मंग लिव,” ती म्हणाली, आणि मुलीकडे पाठ करून कोयता पुन्हा घासायला बसली. तो मघाशीच स्वच्छ झाला होता.

कल्पितानं नवा कागद घेतला आणि पाचव्यांदा लिहिलं: पाटीतील मासा हे ताजेपणाचे चिन्ह आहे. या वेळी हात कुठेच अडला नाही.