पूजेतल्या फ्लॉप्या

ही हकीकत सांगताना माझा आवाज अजून चढतो. चढला की चिरकतो, आणि मग घरची मंडळी रागाकडे लक्ष न देता आवाजालाच हसत बसतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढू. कागदावर निदान आवाज चिरकत नाही.

नव्वदीतलं हैदराबाद. बाजार नुकते खुले झाले होते आणि ज्याच्याकडे चार कंप्यूटर आणि एक एसी तो सॉफ्टवेअर कंपनी काढून मोकळा होत होता. आमच्या साहेबांनी नारायणगुड्यात एका दातांच्या दवाखान्यावर काढली होती. आमच्या घरात सगळे सरकारी नोकरीतले. खाजगीत गेलेला मी पहिला. वडील पाहुण्यांना "कंप्यूटरमध्ये आहे" एवढं सांगून गप्प बसत. कुणी पुढे विचारलंच तर ते माझ्याकडे बघत आणि मी खिडकीबाहेर.

कारण प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे होते. मी त्यांनी लिहिलेल्याच्या प्रती सांभाळायचो. कुठल्या प्रोग्रॅमची कितवी आवृत्ती खरी, तिच्याबरोबर दरांची कुठली फाइल जाते, प्रिंटरची कुठली, हे सगळं जुळवून फ्लॉप्यांचा एक संच करायचा, तपासायचा, कपाटात कुलूपबंद ठेवायचा आणि गिऱ्हाइकाकडे फक्त तोच जाऊ द्यायचा. यातली एक वस्तू जरी जुनी गेली तरी बाकीच्या नव्यांचा काही उपयोग नसतो. हुद्दा मोठा भारदस्त होता, कॉन्फिगरेशन कंट्रोलर. आई म्हणायची, "म्हणजे कपाटाची किल्ली तुझ्याकडे." आणि शेजारी पेढे वाटून आली.

पण त्या कपाटाच्या वर एक फळी होती, फळीवर देव होते आणि देवांचा कारभार साहेबांच्या काकांकडे होता. नवा संच बाहेर पडायचा तो काकांनी मुहूर्त बघून, पूजा करून, नारळ फोडून. सुरुवातीला ते थेट फ्लॉपीवर कुंकू लावत. ते ड्राइव्हमध्ये जातं हे पटवताना माझी अर्धी उमेद खर्च झाली. शेवटी कुंकू डब्यावर, अक्षता डब्यावर, असा तह झाला. त्या तहाचा मला फार अभिमान होता. मूर्ख माणसाला असतो तसा.

कोठी भागातल्या एका औषधांच्या मोठ्या दुकानाचं काम होतं. बिलांचा प्रोग्रॅम लिहिला होता एका मुलीने. अंबरपेठहून बसने यायची, तेलुगू, नोकरीत नवी. नोकरी कायम होते का, यावर तिचं सगळं अडलं होतं. पत्र मिळालं तर घरचे लग्नाची घाई करणार नव्हते. नाही मिळालं तर मुलगा बघूनच ठेवलेला होता. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांनासुद्धा.

सकाळी संचाची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी जायचा म्हणून डबा देवापुढेच राहिला. दुपारी तिची तिलाच चूक सापडली. औषधाच्या पाकिटावर मुदतीचा महिना असतो आणि तो महिना संपेपर्यंत औषध चालतं. तिचा प्रोग्रॅम ते पहिल्या तारखेलाच बाद ठरवत होता. कुणी विचारलं नव्हतं, गप्प राहिली असती तर निदान त्या दिवशी कळलं नसतं. पण ती स्वतः येऊन सांगून गेली आणि संध्याकाळच्या आत तिने दुरुस्तही केलं. मी तपासलं, नवा क्रमांक दिला, नवा संच केला, कपाटात ठेवला आणि साहेबांना जाऊन सांगितलं की आता हाच जायचा, वरचा रद्द. ते म्हणाले, बरं केलंत.

वरचा डबा खाली द्या म्हणून काकांकडे गेलो तर काकांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"पूजा झालेला इथे ठेवायचा आणि पारोसा गिऱ्हाइकाला पाठवायचा?"

मी म्हटलं, मग याची पुन्हा करा. तर मुहूर्त टळला होता, पुढचा चांगला दिवस आठवड्यानं होता. साहेब म्हणाले, तुम्ही जा, मी बघतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलो तर माझा संच कपाटात जागच्या जागी, आणि देवापुढची जागा रिकामी. काकांनी कुंकू लावलेला जुना डबा कोठीला पाठवून दिला होता, साहेबांना विचारून. मी चिरकलो. साहेब म्हणाले, एवढ्याशा फरकाने काय होतं.

नवा महिना नुकताच लागला होता, त्यामुळे जे व्हायचं ते लगेच झालं. काउंटरवर ही गर्दी, लोकांच्या हातात चिठ्ठ्या, आणि कंप्यूटर एकेक चांगलं औषध मुदत संपलेलं म्हणून नाकारतोय. दुकानाचे म्हातारे शेठ रिक्षा करून थेट आमच्याकडे आले. साहेबांनी त्यांना चहा दिला आणि मला नि त्या मुलीला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता खरं काय ते सांगतील. साहेब म्हणाले, मुलगी नवी आहे, तिची चूक झाली, कायम करणार नव्हतोच, आता काढूनच टाकतो.

इतक्या सहज. चहात साखर किती विचारावी तसं.

मी म्हटलं, चूक तिनेच शोधली, तिनेच दुरुस्त केली. साहेब म्हणाले, मग जुनी प्रत गेली कशी, प्रती सांभाळायला तुम्ही ना? मला त्या क्षणी हुतात्मा व्हायची हौस आली. म्हटलं, असेल तर माझ्यावर लिहा, हिला सोडा.

ती मुलगी माझ्याकडे वळली. साहेबांवर नव्हती एवढी माझ्यावर भडकली होती. "मेरे को मेहरबानी नक्को सर. जो हुआ वो बोलो."

मग बोललो. नवा संच अजून माझ्या कपाटात आहे, गेला तो पूजेचा, आणि साहेबांना दोन्ही माहीत होते. आवाज अर्थातच चिरकला. खालच्या दवाखान्यातला पेशंट दाढ विसरला असेल. शेठनी कप खाली ठेवला.

"अगरबत्ती मैं भी रोज लगाता, साब. मगर दवा वोइच देता जो डाक्टर लिखा."

आणि म्हणाले, नवं घेऊन ही पोरगीच आली पाहिजे, दुसरं कुणी नको. ती गेली. दुकान चालू झालं. मोठं गिऱ्हाईक हातचं जायला नको म्हणून साहेबांनी तिला कायम केल्याचं पत्र दिलं, सगळ्यांसमोर, आणि म्हणाले, "थोडा गैरसमज झाला होता."

तिने विचारलं, "किसका, सर?"

साहेबांनी फोन उचलला. तो वाजलेलाही नव्हता. काका देवापुढची फुलं बदलत राहिले. तिने पत्राची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि ती जागेवर जाऊन कामाला लागली. ते पत्र फाडून साहेबांच्या टेबलावर टाकावं असं मला वाटत होतं. मला वाटायला काय जातं, माझी नोकरी कायम होती. तिला ते पत्र हवं होतं, म्हणून उत्तराशिवाय घ्यावं लागलं. कोठीच्या दुकानाचा खोळंबा झाला याचा राग केव्हाच गेला. हा जात नाही.