धूरवाली वहिनी आणि अर्धी टाकी

गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की तुम्ही काय करता? खरं सांगा. गाडी चालतेय ना, मग जळू दे बापडा, असंच ना? व्हॅनवाल्या मामांनी तर त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावली होती. दृष्टीआड सृष्टी.

ती पट्टी धूरवाल्या वहिनीने नखाने टर्रकन उपटली. "मामा, गाडी तोंडाने सांगतेय काय झालंय ते, आणि तुम्ही तिचंच तोंड दाबताय?"

"दाबलं नाही वहिनी. पेशंट बघतात नि घाबरतात, म्हणून झाकलं."

वहिनीचं गॅरेज इस्त्रीच्या दुकानामागे, पत्र्याच्या शेडमध्ये. खरं तर सासऱ्यांचं. नवी नवरी असताना ती त्यांना बॅटरी धरून उजेड दाखवायची. पुढे त्यांचे गुडघे गेले, मग ते खुर्चीतून सांगायचे आणि ही गाडीखाली शिरायची. सासरे गेले तेव्हा भावकी जमली, शेडला कुलूप लावा म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "कुलूप कशाला? हात आहेत की घरात." तेव्हापासून वहिनी गाडीखाली आणि सासूबाई दाराशी स्टुलावर, आल्यागेल्याची फिरकी घेत.

राग म्हणाल तर वहिनीच्या नाकावर. पण कामात एक हट्ट: बिघाड डोळ्यांना दिसल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती हवेत सुटू नये म्हणून नळीतून कोळसा भरलेल्या डब्यात जाते, कोळसा तिला धरून ठेवतो आणि गाडी चालली की इंजिन ती ओढून जाळतं. या वाटेत कुठे काही बिनसलं की तो पिवळा दिवा लागतो. वाफ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वहिनी नळीत धूर सोडते. जिथून धूर बाहेर येईल तिथे भोक. धूरवाली हे नाव त्यावरूनच पडलं.

मामांचा जीव टांगणीला लागला होता. डायलिसिसच्या पेशंटना घरून दवाखान्यात नेणं-आणणं हे त्यांचं काम. सोमवारी दवाखान्याकडून गाड्यांची तपासणी होती. दिवा पेटलेला दिसला की गाडी बाद, पेशंट दुसऱ्या गाडीवाल्याकडे. याआधी दोन गॅरेजवाल्यांनी टाकीचं झाकण बदललं होतं, दिवा विझवून दिला होता. आठवडाभरात दिवा पुन्हा हजर.

"दुसऱ्या गाडीवाल्याला पेशंटचं काय ठाऊक?" मामा म्हणाले. "आमच्या त्या मास्तरीणबाई, त्यांचा डावा हात धरायचा नसतो. त्यात सुया टोचतात. जिना उतरवताना उजव्या बाजूने उभं राहावं लागतं."

वहिनीने धूर सोडला. बॅटरी घेऊन झाकणापासून इंजिनपर्यंत वाट पालथी घातली. धुराची एक रेघ बाहेर येईना.

"एवढा धूर केलास," सासूबाई दारातून म्हणाल्या, "आणि उंदीर एक नाही निघाला."

"आई, उंदीर माणसातही असतो कधी कधी." वहिनी मामांकडे वळली. "गाडी कुरकुर कधी करते?"

"पेट्रोल भरलं की. चार-पाचदा किल्ली फिरवावी लागते, मग खोकत खोकत उठते."

"चला पंपावर. रोज भरता तसंच भरा. मी नुसती बघते."

पंपावर नळी टक करून थांबली. मामा भरणाऱ्याला म्हणाले, "टाक अजून." मग मागे गेले आणि दोन्ही हातांनी व्हॅन गदागदा हलवू लागले, पोत्यात धान्य बसवावं तसं. वहिनीने जाऊन नळीवरच हात ठेवला. जिभेवर शिवी तयार होती.

"असं किती वर्षं करताय?"

मामा थांबले. "एकदा मास्तरीणबाईंना घेऊन परत येताना पेट्रोल संपलं. भर उन्हात. सुया काढून आलेली बाई, मान टाकून बसलेली. बोलली काही नाही हो, नुसती बघत होती. तेव्हापासून टाकी गळ्यापर्यंत भरतो."

वहिनीने शिवी गिळली. असं तिला फार वेळा जमत नाही.

शेडमध्ये येऊन तिने कोळशाचा डबा सोडवला आणि तिरका केला. पेट्रोल ठिबकलं. टाकीत न मावलेलं पेट्रोल वाफेच्या घरात शिरलं होतं. कोळसा भिजून लगदा झालेला, आता तो वाफ काय धरणार? धूर दाखवणार तरी काय, भोक नव्हतंच.

तिने डबा बदलला, दिवा विझवला. मामांनी हात जोडले. "सुटलो."

"कुठले सुटताय? दिवा तर त्या दोघांनीही विझवला होता. तपासणीवाले यंत्र जोडून गाडीला विचारणार, तू स्वतःला तपासलंस का? ते ती चालता चालता करते. आणि टाकी काठोकाठ असली तर करतच नाही. गाडी गार लागते, टाकी अर्धी."

"अर्धी? पेशंट बसवून?" मामांचा चेहरा उतरला. "नाही जमायचं, वहिनी."

"मी बसते शेजारी. आई, शेड सांभाळा."

"मी काय आजच सांभाळतेय?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी, अर्धी टाकी, मागे मास्तरीणबाई. मामांची नजर पेट्रोलच्या काट्यावरून हलेना.

"मामा," मागून आवाज आला, "तुम्ही काट्याकडे बघताय, मी तुमच्याकडे बघतेय. रस्त्याकडे कोण बघतंय?"

"मी," वहिनी म्हणाली. "आणि काटा जागचा हललेला नाही. दवाखाना गाठून घरी येऊन पुन्हा दवाखाना गाठाल, एवढं आहे आत."

पुढचे दिवस ती रोज अशीच शेजारी बसली. शेडपुढे गाड्या खोळंबल्या, गिऱ्हाइकं सासूबाईंचे टोमणे खाऊन परत गेली. शनिवारी दवाखान्याच्या अंगणात तिने यंत्र जोडलं आणि पडदा मामांपुढे धरला. तपासणी पूर्ण. दोष नाही. मामा मास्तरीणबाईंच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि त्यांना उतरवून घेतलं. सोमवारी गाडी पास झाली.

दुनियेच्या बिघाडावर खुर्चीत बसून बोलणारे पैशाला पासरी मिळतात. बिघाड हुडकायला पंपापर्यंत जाणारी आणि माणसाची भीती जाईपर्यंत त्याच्या शेजारी बसणारी अशी एखादीच.

आता तुमचं. पंपावर नळी टक करून थांबली की तुम्हीही थांबा. आणि तुमच्या दिव्यावर पट्टी असेल तर उठा, आधी ती काढा.